भिंतीवरच्या कॅलेंडरात लपलेला टेट

चला, एका प्रवासाला निघू या. प्रवास मनातल्या मनात आहे, त्यामुळे तिकिटाचा खर्च शून्य!

समजा, जानेवारी संपत आलाय. तुम्ही रात्री शेगाव स्टेशनवर रेल्वेत बसलात, सकाळी मुंबईला उतरलात आणि तिथून विमानाने थेट व्हिएतनाममधल्या हो ची मिन्ह सिटीला निघालात. या शहराचं जुनं नाव सायगाव. तिथली माणसं बोलताना अजूनही सायगावच म्हणतात, आपणही तेच म्हणू. गंमत बघा, शेगावहून मुंबईला यायला जेवढा वेळ लागला, त्याहून कमी वेळात विमान सायगावला पोचतं. साडेपाच-सहा तास, बस्स! उतरल्यावर घड्याळाचे काटे दीड तास पुढे सरकवायचे. ही काटे सरकवण्याची गोष्ट विसरू नका. एकदा अशाच फक्त एका तासाने सबंध महिन्याची उलथापालथ केली होती. ते पुढे सांगतेच.

विमानतळाबाहेर पाऊल टाकलं की डोळे विस्फारतात. माणसंच माणसं! परदेशात राहणारे व्हिएतनामी लोक घरी परतताहेत आणि एकेकाला घ्यायला अख्खं खानदान आलंय. रस्त्यावर मोटारसायकलींचा लोंढा. एका गाडीवर मागे चक्क फळांनी लगडलेलं झाड बांधलंय, कुंडीसकट! लहान लहान केशरी फळांची ती लिंबाच्या जातीची झाडं सणाला घरात ठेवायची असतात. दुसऱ्या गाडीवर पिवळ्या फुलांच्या फांद्या. न्गुयेन ह्वे नावाच्या मोठ्या रस्त्यावर वाहनं बंद करून सगळीकडे फुलांचे देखावे मांडलेत. हा ‘फुलांचा रस्ता’ २००४ पासून दरवर्षी सजतो.

मग एके रात्री बारा वाजता आकाशात आतषबाजी होते. ती सरकारतर्फे असते बरं का. घरोघरी फटाक्यांच्या माळा लावायला व्हिएतनामने १९९५ पासून बंदी घातली आहे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघावं तर काय, तोच रस्ता सुनसान! दुकानांची शटरं खाली. कालचा लोंढा गेला कुठे?

गेला आपापल्या गावी. दिवाळीत पुण्याहून चिखली, मेहकर, बुलढाण्याकडे येणाऱ्या ट्रॅव्हल्स कशा खच्चून भरतात, तसंच. शहरात कामाला आलेली माणसं सणाला घर गाठतात. त्यामुळे या सणात सायगाव आधी फुगतं आणि मग एकदम रिकामं होतं. ज्या पाहुण्याला हे ठाऊक नसतं, तो बिचारा बंद हॉटेलांसमोर उपाशी फिरतो.

हा सण म्हणजे टेट, व्हिएतनामचं नवं वर्ष. (घरात कोणी गुरुजी किंवा बाई असतील, तर ‘टेट’ म्हटल्यावर त्यांना आधी शिक्षकांची परीक्षाच आठवेल!) या दिवशी मुलांना लाल पाकिटात घालून पैसे मिळतात. त्या पाकिटांना ‘ली सी’ म्हणतात. जुन्या पद्धतीने तर टेटच्या दिवशी सगळ्या देशाचं वय एकदम एका वर्षाने वाढतं, म्हणजे सगळ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी. शिवाय दुकानं बंद असली तरी घरात बान चुंग असतंच. चिकट तांदूळ, मुगाची डाळ आणि डुकराचं मांस पानांत चौकोनी बांधून आठ-दहा तास उकळायचं, की झालं बान चुंग. बांधणी घट्ट आणि उकळणं भरपूर, त्यामुळे ते थंडीत बरेच दिवस टिकतं. दक्षिणेकडे, म्हणजे सायगावच्या बाजूला, हेच केळीच्या पानात लांबट गुंडाळतात. आणि तो तांदूळ इतका चिकट का? तांदळातल्या पिठूळ भागात दोन प्रकारचे रेणू असतात, सरळ लांब अमायलोज आणि फांद्या फुटलेले अमायलोपेक्टिन. चिकट तांदळात जवळजवळ सगळं अमायलोपेक्टिनच असतं. म्हणून शिजल्यावर शितं एकमेकांना सोडतच नाहीत.

पण खरी गंमत वेगळीच आहे. टेट कधी येणार, हे तुमच्या घरात भिंतीवर टांगलेल्या कॅलेंडरमध्ये लिहिलेलं आहे. खोटं वाटतं? बघा तर मग.

दोन जत्रा, दोन घड्याळं

आधी आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातलं कोडं. सिंदखेडराजाला जिजाऊसाहेबांच्या जन्मोत्सवाची गर्दी कधी होते? १२ जानेवारीला. यंदाही, पुढच्या वर्षीही, त्याच्या पुढच्या वर्षीही. आणि शेगावला गजानन महाराजांचा प्रकट दिन? २०२३ साली तो १३ फेब्रुवारीला आला, २०२४ साली ३ मार्चला, २०२५ साली २० फेब्रुवारीला, २०२६ साली ८ फेब्रुवारीला. एका उत्सवाची तारीख खुंटीला बांधल्यासारखी आणि दुसऱ्याची नुसती पळते. काऊन बरं?

कारण दोघांची घड्याळं वेगळी. इंग्रजी तारखा सूर्याच्या हिशेबाने चालतात: पृथ्वीची सूर्याभोवती एक फेरी म्हणजे एक वर्ष, साधारण ३६५ दिवस आणि वर पाव दिवसाचं. प्रकट दिन मात्र तिथीने पाळतात, माघ वद्य सप्तमीला. महाराज २३ फेब्रुवारी १८७८ रोजी शेगावात पहिल्यांदा दिसले, तेव्हा हीच तिथी होती. आणि तिथीचं घड्याळ म्हणजे चंद्र.

एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत साधारण साडेएकोणतीस दिवस जातात. असे बारा महिने मोजले तर ३५४ दिवस होतात. सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. म्हणजे चंद्राचं वर्ष अकरा दिवस आधीच संपतं! आता वरच्या तारखा पुन्हा बघा. ३ मार्चनंतर २० फेब्रुवारी, किती दिवस अलीकडे? बरोब्बर अकरा.

टेटसुद्धा असाच पळतो. २०२३ साली २२ जानेवारी, २०२४ साली १० फेब्रुवारी, २०२५ साली २९ जानेवारी, २०२६ साली १७ फेब्रुवारी, २०२७ साली ६ फेब्रुवारी. म्हणजे त्याचंही घड्याळ चंद्रच.

धोंड्याचा महिना तिकडेही!

चाणाक्ष वाचकाने एव्हाना बोट वर केलं असेल: “ताई, दरवर्षी अकरा दिवस अलीकडे सरकत गेलं, तर काही वर्षांनी दिवाळी भर पावसाळ्यात यायला हवी ना?”

अगदी बरोबर! म्हणून तर आपल्याकडे अधिक महिना असतो. जावयाला अनारशांचं वाण मिळतं, तो धोंड्याचा महिना. दर वर्षी अकरा दिवस साचत जातात, पावणेतीन वर्षांत त्यांचा पुरा महिना होतो, आणि मग एक जादा महिना घालून चंद्राच्या वर्षाला सूर्याच्या वर्षाबरोबर आणतात. १९ वर्षांत असे ७ महिने घातले की हिशेब जवळजवळ तंतोतंत जुळतो.

व्हिएतनामी लोकही नेमकं हेच करतात. जादा महिना कुठे घालायचा, याचा नियमही दोन्हीकडे जवळपास सारखाच आहे. सूर्याची वाट बारा भागांत वाटायची. सूर्य एका भागातून दुसऱ्यात गेला की आपण म्हणतो संक्रांत झाली. ज्या चांद्र महिन्यात एकही संक्रांत पडत नाही, तो अधिक. व्हिएतनामी पंचांगातही बारा टप्पे आहेत आणि ज्या महिन्यात एकही टप्पा येत नाही, तो जादा धरतात.

नियम एक, मग जादा महिना एकाच वेळी यायला हवा ना? पण तसं होत नाही. व्हिएतनामने २०२५ साली जुलै-ऑगस्टमध्ये जादा महिना घातला. आपला अधिक ज्येष्ठ त्यानंतर, १७ मे ते १५ जून २०२६. असं का? कारण वाटेची पहिली खूण वेगळी. त्यांची मोजणी खऱ्या ऋतूंपासून होते: वर्षातला सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरला येतो, तो त्यांचा पक्का खुंटा. आपण मोजतो ताऱ्यांपासून, म्हणून आपली मकर संक्रांत येते १४ जानेवारीच्या आसपास. पृथ्वीचा आस अतिशय सावकाश डोलतो, एक डुलकी पुरी व्हायला सुमारे २६,००० वर्षं लागतात. त्या डुलण्यामुळे ऋतूंची खूण आणि ताऱ्यांची खूण यांच्यात आज चोवीसेक दिवसांचं अंतर पडलंय.

आता एक झकास ताळा. २०२५ साली टेट २९ जानेवारीला आणि गुढीपाडवा ३० मार्चला, अंतर ६० दिवस. २०२६ साली टेट १७ फेब्रुवारीला आणि पाडवा १९ मार्चला, अंतर फक्त ३०! २०२७ साली टेट ६ फेब्रुवारीला आणि पाडवा ७ एप्रिलला, पुन्हा ६०. मधला एक महिना गेला कुठे? त्यांचा जादा महिना घालून झाला होता, म्हणून टेट पुढे ढकलला गेला. आपला धोंडा अजून यायचा होता, म्हणून पाडवा लवकर आला. धोंडा आला आणि दोघं पुन्हा आपापल्या जागी!

चंद्राचा सण, सूर्याची फुलं

आता त्या पिवळ्या फुलांकडे वळू. सायगावच्या बाजूला टेटला ‘माइ’ नावाच्या झाडाची पिवळी फुलं लागतात, उत्तरेला हनोईकडे गुलाबी पीचची. फुलं नेमकी सणाच्या सकाळी उमलली की वर्ष चांगलं जाणार, असं तिथले लोक मानतात. वर्ष कसं जाणार हे आधीच कळावं, ही हौस जगभर आहे. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला होणारी घटमांडणी तुम्हाला ठाऊकच आहे. अशा भाकितांना विज्ञानाचा आधार नाही. पण फुलं वेळेवर उमलवण्यात मात्र पक्कं विज्ञान आहे!

अडचण बघा. सण ठरवतो चंद्र, तो एका वर्षी २२ जानेवारीला तर दुसऱ्या वर्षी १७ फेब्रुवारीला. फुलं ठरवतो सूर्य, म्हणजे थंडी, ऊन, दिवसाची लांबी. झाडाला तिथी कुठे कळते? मग माळी काय करतो? टेटच्या साधारण दोन आठवडे आधी तो माइच्या झाडाची सगळी पानं हाताने ओरबाडून काढतो. एकही ठेवत नाही! पानं असतात तोवर कळ्या झोपलेल्या राहतात. पानं गेली की झाडाचं आतलं रसायन बदलतं आणि कळ्या जाग्या होतात. त्या वर्षी थंडी जास्त असेल किंवा कळ्या बारीक असतील, तर पानं थोडी आधी काढायची. ऊन कडक असेल, कळ्या टपोऱ्या असतील, तर थोडी उशिरा. चारेक दिवस चुकलं तरी वर्षभराची मेहनत वाया, कारण टेट संपल्यावर ते झाड घेणार कोण?

हे वाचून आपल्याकडचे बागायतदार हसतील. “यात काय नवल? आम्हीही हेच करतो!” संग्रामपूर, जळगाव जामोदच्या संत्र्याच्या बागा पाहिल्यात? आंबिया बहार धरायचा असला की थंडीत पाणी तोडून बाग ताणावर सोडतात. झाडाची वाढ थांबते, पानं मलूल होतात आणि झाड साठवलेलं अन्न नव्या पानांवर खर्च न करता फुलांच्या कळ्यांसाठी राखून ठेवतं. मग पाणी दिलं की जानेवारी-फेब्रुवारीत बाग पांढऱ्या फुलांनी घमघमते. म्हणजे सायगावात माइ फुलते, त्याच सुमारास आपल्याकडे संत्रा! डाळिंबाच्या बागेत तर ताणानंतर मुद्दाम पानगळही करतात, थेट माइसारखीच.

आणि आपल्या शेतकऱ्याची हुशारी एवढ्यावर थांबत नाही. तो दोन्ही घड्याळं एकदम वापरतो. पेरणीचा विचार करताना तो मृग नक्षत्र बघतो, आणि मृग निघतो दरवर्षी ७-८ जूनलाच. कारण ते नक्षत्र सूर्याचं. आषाढी एकादशी मात्र कधी जूनच्या शेवटी, कधी जुलैत. कारण ती तिथी चंद्राची. पेरणी सूर्याला विचारून, वारी चंद्राला विचारून!

एका तासाने पळवलेला महिना

आता घड्याळाच्या काट्यांची गोष्ट. अमावास्येचा नेमका क्षण, म्हणजे चंद्र पृथ्वी आणि सूर्य यांच्या मध्ये येतो तो क्षण, सगळ्या जगासाठी एकच असतो. पण त्या क्षणी कोणाच्या घड्याळात किती वाजलेत, ते मात्र वेगवेगळं.

व्हिएतनाममध्ये ज्या दिवसात हा क्षण येतो, तोच महिन्याचा पहिला दिवस. दिवस मोजायचा मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत. चीनमध्येही हाच नियम, फक्त चीनचं घड्याळ व्हिएतनामच्या एक तास पुढे. आपली पद्धत निराळी. आपण सूर्योदयाला कोणती तिथी आहे ते बघतो आणि अमावास्येच्या दुसऱ्या दिवसापासून, प्रतिपदेपासून, महिना सुरू करतो.

याचं फळ बघा. २००७ साली तो क्षण आला तेव्हा व्हिएतनाममध्ये १७ फेब्रुवारीचे रात्रीचे सव्वाअकरा वाजले होते आणि चीनमध्ये १८ तारखेचे सव्वाबारा. झालं! टेट १७ ला आणि चीनचं नवं वर्ष १८ ला. १९६८ साली तर एकाच देशात दोन टेट झाले. तेव्हा व्हिएतनाम दोन भागांत वाटलेला होता आणि त्यांच्यात युद्ध चाललं होतं. उत्तरेने नुकतीच घड्याळाची वेळ बदलली होती. त्यामुळे उत्तरेत टेट २९ जानेवारीला आला, दक्षिणेत ३० जानेवारीला.

पण कमाल झाली १९८५ साली. त्या वर्षी व्हिएतनाममध्ये टेट २१ जानेवारीला आला, आणि चीनचं नवं वर्ष थेट २० फेब्रुवारीला. दिवसाचा नाही, महिन्याचा फरक! कारण? सर्वांत लहान दिवसाचा तो पक्का खुंटा आठवतो ना? ज्या महिन्यात तो दिवस येतो, त्याला अकरावा महिना मानायचं, असा दोन्हीकडचा नियम. १९८४ साली या खुंट्याचा नेमका क्षण व्हिएतनामच्या घड्याळात २१ डिसेंबरच्या रात्री ११ वाजून २३ मिनिटांनी आला. चीनच्या घड्याळात तेव्हा २२ तारीख लागून २३ मिनिटं झाली होती. आणि नवा चांद्र महिना सुरू झाला नेमका २२ डिसेंबरला. म्हणजे व्हिएतनामच्या हिशेबात खुंटा जुन्या महिन्यात, चीनच्या हिशेबात नव्या महिन्यात. एका तासाच्या फरकाने सबंध महिना इकडचा तिकडे झाला.

आता कॅलेंडर घ्या

आता तुम्हाला एक सोपी युक्ती देते. २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी या दिवसांत कॅलेंडरवर अमावास्या शोधा. टेट तिथेच, फार तर एका दिवसाच्या फरकाने. २०२५ साली ही अमावास्या २९ जानेवारीला होती. त्याच दिवशी प्रयागराजच्या महाकुंभात मौनी अमावास्येचं स्नान होतं आणि व्हिएतनाममध्ये टेट. २०२४ साली मात्र कॅलेंडरवर अमावास्या ९ फेब्रुवारीला होती आणि टेट १० ला. कारण नेमका क्षण आला आपल्या घड्याळात १० तारखेच्या पहाटे साडेचारला. तेव्हा आपला सूर्योदय व्हायचा होता, म्हणून आपण अमावास्या आदल्या दिवशीच मानली. व्हिएतनाममध्ये मध्यरात्रीनंतर क्षण आला म्हणून टेट १० ला. चूक कोणाचीच नाही, मोजायची रीत वेगळी.

टेट अमावास्येलाच येतो, याचा आकाशातला पुरावा हवाय? सूर्यग्रहण फक्त अमावास्येला होतं. २०२६ आणि २०२७ या दोन्ही वर्षी टेटची तारीख हीच कंकणाकृती सूर्यग्रहणाची तारीख आहे. ही ग्रहणं आपल्याकडून दिसणारी नाहीत, पण ती गणिताने आधीच सांगता येतात आणि टेटही तसाच आधी सांगता येतो.

तेव्हा आज एक काम करा. वहीत दोन रकाने आखा. एका रकान्यात सूर्याचे सण लिहा: १२ जानेवारीचा जिजाऊ जन्मोत्सव, मकर संक्रांत, १५ ऑगस्ट. दुसऱ्यात चंद्राचे लिहा: शेगावचा प्रकट दिन, पाडवा, पोळा, दिवाळी. घरात मागच्या दोन-तीन वर्षांची जुनी कॅलेंडरं असतील, तर चंद्राच्या सणांच्या तारखा शोधून किती दिवस अलीकडे-पलीकडे सरकल्या ते मांडा. ज्या वर्षी सण पुढे उडी मारतो, त्याच्या आधी कुठेतरी धोंड्याचा महिना सापडलाच पाहिजे. नाही सापडला, तर वजाबाकी पुन्हा तपासा!

आणि टेट व चीनचं नवं वर्ष पुन्हा वेगवेगळ्या दिवशी येणार, ती तारीख आत्ताच लिहून ठेवा. २०३० साली टेट २ फेब्रुवारीला येईल, चीनचं नवं वर्ष ३ फेब्रुवारीला. त्या रात्री आपल्या घड्याळात साधारण ९ वाजून ३७ मिनिटांनी अमावास्येचा क्षण येईल, तेव्हा व्हिएतनाममध्ये अकरा वाजून गेलेले असतील आणि चीनमध्ये बारा.